ग्लासातला डोंगर

आमच्या घरमालकीण बाई पाहुण्यापुढे चहाबरोबर पाण्याचा ग्लास ठेवत, पण ते पाणी पिण्यासाठी नसे. पाहुण्याने चहाचा पहिला घोट घेतला की त्या आपल्या कापडी पिशवीतून लिंबाएवढा तांबूस दगड काढत, त्याच्या हातात देत आणि म्हणत, "फोडून दाखवा." पाहुणा हसे. दगड मुठीत दाबून बघे, टेबलाच्या कडेवर आपटून बघे. दगडाला काही होत नसे. मग बाई तो परत घेत आणि अलगद ग्लासात सोडत.

आधी बारीक बुडबुडे येत. कान जवळ नेला तर तापल्या तेलात जिरं पडावं तसा चुरचुर आवाज ऐकू येई. मग दगडाच्या कडा सुटत, पापुद्रे गळत, आणि पाहुण्याचा कप रिकामा होईपर्यंत ग्लासाच्या तळाशी नुसता गाळ उरलेला असे.

"आपटून नाही फुटला, पाण्याने फोडला," बाई म्हणत. "आणि रविवारी तुम्ही भजी खायला ज्या डोंगरात जाता ना, तो यानेच भरलाय. पक्का."

पाहुणा सहसा दुसऱ्यांदा येत नसे.

मी चंदीगडजवळ डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात उत्पादनखर्चाचा हिशेब बघतो. आकड्यांवर पोट आहे आणि स्वभावही तसाच आहे. सांगलीहून चंदीगडला आलो तेव्हा जागा शोधत होतो. सेक्टर ३९च्या बाजूला एक मराठी बाई वरचा मजला भाड्याने देतात, पण भाडेकरू टिकत नाहीत, असं कुणीतरी सांगितलं. गेलो. बाईंनी खोल्या दाखवायच्या आधी दगड दाखवला. माझी लेक सई तेव्हा शाळेत होती. तिने ग्लासात बोट घालून गाळ ढवळला आणि म्हणाली, "वॉव, ये तो मर गया!"

"मेला नाही बेटा, सुटला," बाई म्हणाल्या. "दगड मरत नाहीत. सुटतात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरगी चौकस आहे. जागा तुम्हाला दिली."

जिन्यात बायको मला हळूच म्हणाली, "जागा छान आहे हो. पण बाई?"

बाई मूळच्या कऱ्हाडकडच्या. इथल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायला तरुणपणी आल्या, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्या आणि इथेच राहिल्या. त्यांच्या मराठीत कऱ्हाडचा ठसका तसाच होता आणि वर पंजाबचा थर चढला होता. "ओ हिशेबनीस, टाकी वाहतेय यार, मोटर बंद करा जी," अशी त्यांची हाक खालून येई. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही.

त्यांच्या भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली हातोडी असे. चालता चालता त्या कुणाच्याही फाटकाचा खांब ठोकून बघत. समोरच्या सरदारजींनी घराच्या दर्शनी भिंतीला वाळूच्या दगडाच्या लाद्या बसवल्या, तेव्हा बाई पूजेला गेल्यासारख्या नीट कपडे करून बघायला गेल्या आणि एकेक लादी ठोकत सुटल्या.

"सरदारजी, ये वाला बोलता नहीं."

"ओ बीजी, पत्थर कदों तों बोलण लग पए?"

"जब तक पकड़ा हुआ है तब तक बोलता है."

ठण्ण वाजला तर दगड धरलेला, थप्प वाजला तर मागून सुटलेला, असं त्यांचं गणित. सरदारजींनी हसून लस्सी पाजली आणि परत पाठवलं. पुढचा हिवाळा सरता सरता ती 'न बोलणारी' लादी भर दुपारी खाली आली. तिच्याखाली सरदारजींची नेहमीची खुर्ची होती. ते नेमके आत फोन घ्यायला गेले होते. तेव्हापासून ते अंगणाच्या बरोबर मध्यभागी खुर्ची टाकून बसतात, ऊन असो वा नसो.

बाई स्वतः खोलीच्या मध्यभागी झोपत. लोखंडी खाट, चारी बाजूंनी मोकळी. "भिंतीला डोकं लावून झोपणारी माणसं मला फार शूर वाटतात," असं त्या अगदी गंभीरपणे म्हणत.

एकदा बायको त्यांच्याकडे बर्फ आणायला गेली आणि रिकाम्या हाताने वर आली. "अहो, त्यांच्या फ्रीजरमध्ये वाटाण्याच्या पिशवीशेजारी दगड आहे!" मी खाली जाऊन विचारलं.

"असू दे. थंडी वाजू दे त्याला," बाई म्हणाल्या. मग समजावून सांगितलं. दगडाला केसाएवढी चीर होती. तिच्यात पाणी भरून त्या तो रोज गोठवत आणि रोज बाहेर काढून वितळवत. "बर्फ होताना पाणी फुगतं. गच्च भरलेल्या बसमध्ये एखादा कोपर मारून जागा करतो ना, तसं. बर्फ वितळला की त्या वाढलेल्या जागेत आणखी पाणी शिरतं. आणखी मोठं कोपर."

"मग फुटला का?"

"बघताय ना, नाही."

"किती दिवसांत फुटेल?"

माझा हा प्रश्न त्यांना मुळीच आवडत नसे. वर्षाला किती झिजतो, किती मिलिमीटर, किती टक्के, हे मी सहज विचारत असे, कारण त्याशिवाय मला कुठलीही गोष्ट कळल्यासारखी वाटत नाही. बाईंचा चेहरा कडक होई. "झीज वेगळी, फुटणं वेगळं. झिजण्याचे आकडे देईन मी. फुटण्याचा आकडा नसतो, हिशेबनीस. वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. आणि मग जे व्हायचं ते चहा गाळायच्या आत होतं."

गच्चीवर त्यांचे दगड आणि बायकोचे सांडगे शेजारी शेजारी वाळत. मिठाच्या पाण्यात बुडवलेले वाळूचे दगड त्या उन्हात ठेवत, पुन्हा बुडवत, पुन्हा वाळवत. आत मिठाचे खडे धरत आणि दगड आतून पिठूळ होत जाई. वरून मात्र तसाच दिसे. एकदा बायकोने सांडग्यांची पाटी सरकवायला एक दगड उचलला तर त्याचा अर्धा भाग तिच्या हातात भुगा होऊन आला. ती किंचाळली. बाई टाळ्या वाजवत आल्या. बायकोने त्या वर्षी सांडगे घरातच पंख्याखाली वाळवले.

कठड्याच्या फटीत पिंपळाचं रोप उगवलं की माळी ते काढायला तयार नसे. पिंपळाला हात कोण लावणार! मग बाई स्वतः स्टूल घेऊन चढत, आधी रोपापुढे हात जोडत, काहीतरी पुटपुटत आणि मुळासकट ओढून काढत. "देव आहे, मान्य. पण याचं मूळ सुतासारखं आत जातं आणि पहारीसारखं बाहेर येतं."

आणि एक गोष्ट त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. मी एकदा कुठल्याशा वचनाबद्दल म्हणालो, "काळ्या दगडावरची रेघ समजा."

"रेघ राहील हो," त्या म्हणाल्या. "दगड राहिला पाहिजे. तुमच्या सांगलीकडे मुरूम बघितलाय की नाही? तो काय आहे? तो तुमचा काळा दगडच. कांद्यासारखा एकेक पापुद्रा सोडत गेलेला."

हे सगळं ऐकून कुणालाही वाटेल की बाई विनोदी होत्या. आम्हीही बरेच दिवस हसत होतो. सई तर मैत्रिणींना त्यांची ओळख 'स्टोन आंटी' अशीच करून देई. बाई भीत होत्या हे मला उशिरा कळलं. ते त्यांनीच सांगितलं, हिवाळ्यात, गच्चीवर, संत्र्यासारखे किन्नू सोलता सोलता. इकडच्या हिवाळ्यात दुपारचं ऊन म्हणजे चैन असते. सगळा सेक्टर गच्चीवर असतो.

त्या शिकत होत्या तेव्हाची गोष्ट. मास्तर आणि विद्यार्थी डोंगरात दगड बघत हिंडत होते. स्वच्छ ऊन, पावसाचा थेंब नाही. दुपारी एका पुढे आलेल्या कड्याखाली सावली मिळाली. सगळे डबे उघडून बसले. एका मुलाने वर बघून विचारलं, "सर, हा पडणार नाही ना?" सर हसले. "हजारो वर्षं उभा आहे. आज आपल्यासाठी पडेल?"

बाईंचा डबा आधी संपला. त्या तो धुवायला खालच्या ओढ्यावर गेल्या. कडा खाली आला तो तेवढ्यात.

"आवाज आला नाही?" मी विचारलं.

"आला की. भांडं पडल्यासारखा. फार मोठासुद्धा नाही." त्यांनी किन्नूची फोड दोरे काढून साफ केली आणि खाल्ली नाही, तशीच हातात धरली. "मला वाटलं, कुणाचा तरी डबा पडला. मी डबा घासत राहिले. नीट घासला, हिशेबनीस. वाळूने."

समोरच्या गच्चीवर कुणीतरी गाणी लावली होती.

सईला नर्सिंगला प्रवेश मिळाला तो हिमाचलात, परवाणूच्या वर, सोलनच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या एका कॉलेजात. मी सगळी चौकशी केली होती. घरापासून अंतर, जवळचं रुग्णालय, वसतिगृहातल्या एका खोलीत किती मुली, खिडक्यांना जाळ्या आहेत का, पाण्याची टाकी किती मोठी. कागदावर सगळं मांडून बघितलं आणि मगच होकार दिला. बायको फोटो घेऊन बाईंना दाखवायला गेली. समोर दरी, देवदार, ढग.

बाईंनी फोटो दूर धरून बघितले. "समोर छान आहे. मागे काय आहे?"

"मागे?"

"घर बघताना सगळे समोर बघतात. मागे काय आहे गं?"

मागच्या बाजूचा फोटो आमच्याकडे नव्हता. माझ्या चौकशीत ती बाजूच नव्हती.

बाई हट्टाने आमच्याबरोबर निघाल्या. जुलैचे दिवस होते, नुकतीच उघडीप मिळाली होती. गाडीत त्यांनी बायकोला माझ्याशेजारी पुढे बसू दिलं आणि स्वतः खिडकीला नाक लावून झाडं बघत राहिल्या. "ही बघा, बुंध्यापाशी वाकलेली आणि मग सरळ झालेली. खालची जमीन सरकतेय, झाड तोल सावरतंय." एका वळणावर बायकोला चहा हवा होता. टपरी छान होती, मागे कड्याला टेकलेली. बाई म्हणाल्या, "इथे नको. पुढे." पुढच्या टपरीलाही नको म्हणाल्या. तिसरीलाही. बायको शेवटी वैतागून मला म्हणाली, "या आपल्याला थेट सोलनला उपाशी नेणार."

वसतिगृहाला लागून मागे डोंगर कापून सपाटी केली होती आणि कापलेला डोंगर धरून ठेवायला उंच दगडी भिंत बांधली होती. इकडे तिला डंगा म्हणतात. मला ती भिंत फार आवडली. ओळंब्यात सरळ, नुकतीच पांढरी रंगवलेली, कुठे डाग नाही. सईची खोली तिच्या समोरच, तळमजल्यावर. भिंत आणि खिडकी यांच्यात जेमतेम दोन माणसं शेजारी चालतील एवढी गल्ली.

बाई त्या गल्लीत उभ्या राहिल्या. मग भिंतीवरून हात फिरवू लागल्या. ओळीने ठराविक अंतरावर सिमेंटचे गोल ठिपके होते, त्यांवरही रंग दिलेला. त्यांनी एकावर नख मारलं.

"ही भोकं कुणी बुजवली?"

वॉर्डन मॅडम बरोबर होत्या. भल्या बाई, पहाडी, शालीनतेने बोलणाऱ्या. त्यांनी कौतुकाने सांगितलं की त्या भोकांतून पावसाळ्यात चिखलाचं पाणी गळतं आणि भिंतीवर ओघळ उठतात. इन्स्पेक्शन होणार होतं, म्हणून रंगाऱ्याकडून बंद करून घेतली. "अब देखिए, कितनी साफ़ लगती है."

बाईंनी पिशवी उघडली. कोथिंबीर नव्हती, पण हातोडी होती, आणि एक छिन्नी.

"मैडम जी! मैडम जी, ये क्या कर रहे हो आप? परसों ही पेंट हुआ है!"

ठक्, ठक्, ठक्. सिमेंटचा डाट आत ढासळला आणि भोकातून मनगटाएवढी तांबड्या पाण्याची धार उसळून बाईंच्या साडीवर आली. दोन दिवस पाऊस नव्हता. तरी भिंतीमागे एवढं पाणी दाटून उभं होतं. ती सरळ, पांढरी, मला आवडलेली भिंत मागून पाण्याने ढकलली जात होती आणि तिच्यासमोर माझी मुलगी झोपणार होती.

खिडक्यांतून मुली बघत होत्या. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं. सईचा चेहरा लालबुंद झाला. "बाबा, प्लीज़ इन्हें ले जाओ. मेरा पहला दिन है यार!"

बाई दुसऱ्या भोकाकडे वळल्या. वॉर्डन प्राचार्यांना बोलवायला धावल्या. प्राचार्य आले तोवर खालच्या ओळीची बरीच भोकं मोकळी झाली होती. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "आपकी माताजी की तबीयत ठीक नहीं है क्या?" मी माफी मागितली, रंगाचं काम परत करून देतो म्हणालो. बाईंनी ते ऐकलं. "रंग करा खुशाल," त्या म्हणाल्या. "भोकं बुजवलीत तर मी परत येईन."

आणि मग त्या तिथेच, ओल्या साडीने, धारेसमोर उभ्या राहिल्या. निघा म्हटलं तरी निघेनात. हळूहळू धार बारीक झाली. मग तिचा तांबडा रंग फिका होत गेला आणि अखेर पाणी नितळ झालं. बाईंनी मेसमधून एक ग्लास मागवला, धारेखाली धरला, उन्हात उचलून बघितला आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

"पाणी वाहतंय, हे अर्धं. कसलं वाहतंय, हे उरलेलं अर्धं. नितळ असेल तर नुसतं पाणी चाललंय. गढूळ असेल आणि गढूळच राहिलं, तर पाण्याबरोबर डोंगर चाललाय." मग सईकडे वळून म्हणाल्या, "बेटा, माझ्यावर राग धर, चालेल. पाऊस असेल तेव्हा सकाळी खिडकीतून बघ आणि मला एक शब्द पाठव. वाहतंय. एवढाच. पाऊस पडतोय आणि वाहायचं थांबलं, तर आधी बाहेर पड आणि मग मला फोन कर."

"आता चहा घेऊ," असं त्या परतीच्या वाटेवर स्वतःहून म्हणाल्या.

सईने कुरकुरत का होईना, पण पाठवलं. पहिलं वर्षभर पावसाच्या सकाळी बाईंच्या फोनवर 'वाहतंय' येई. मराठीत तिने लिहिलेला तेवढाच शब्द. एरवी आम्ही मराठीत बोलावं आणि तिने हिंदीत उत्तर द्यावं, असं आमच्या घराचं चालतं. शब्द आला की बाई खालून ओरडत, "वाहतंय हो!" आणि बायको वरून ओरडे, "कळलं हो!" मग मी डबा घेऊन कामाला निघत असे. सांगायला लाज वाटत नाही, तो शब्द आल्याशिवाय माझा पाय घराबाहेर पडत नसे.

मग एका सकाळी शब्द आला, 'थांबलं.'

चंदीगडला तेव्हा पाऊस कोसळत होता. बाई जिना चढून आल्या, अनवाणी, फोन पुढे धरून. मी सईला फोन लावला. लागेना. वसतिगृहाला लावला. वाजत राहिला. बायको देवासमोर बसली आणि लगेच उठली. मी गाडी काढली. बायको पुढे आणि बाई मागे येऊन बसल्या. पिंजोरच्या पुढे गेलो तेव्हा सईचा फोन आला. आम्ही तीन माणसं एकदम बोललो. ती म्हणाली, "क्या हुआ? मैं तो क्लास में थी."

"थांबलं म्हणालीस!"

"हाँ तो, यहाँ बारिश ही बंद है दो दिन से. धूप निकली है. पानी ख़तम हो गया, तो लिख दिया."

मी गाडी कडेला घेतली. बायको आधी रडली, मग हसली, मग चिडली. घरी आल्यावर बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पुरे झालं हे. आपण तिघंही वेडे होणार यांच्या नादाने." सईनेही त्यानंतर शब्द पाठवणं बंद केलं. मैत्रिणी हसायच्या म्हणे. बाईंनी तक्रार केली नाही. फक्त एकदा मला म्हणाल्या, "मी चुकावं, हेच तर मला हवं असतं, हिशेबनीस. रोज."

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. धुक्याचे दिवस होते. न्यूमोनिया झाला, आणि रुग्णालयातून परत आल्याच नाहीत. पुण्याहून भाचा आला, सामान आवरलं. फ्रीजर आम्ही रिकामा केला. वाटाण्याच्या पिशवीशेजारी तो दगड होता. बायकोने उचलला तर तिच्या हातात अर्धाच आला. उरलेला अर्धा बर्फात चिकटून राहिला होता. केव्हा फुटला कुणास ठाऊक. आवाज कुणीच ऐकला नाही. भाच्याने विचारलं, तुम्हाला काही ठेवायचंय का? मी तो काचेचा ग्लास मागून घेतला.

यंदा सईचं तिसरं वर्ष. सुट्टी संपवून ती परत निघाली तेव्हा सोडायला मी एकटाच गेलो. पाऊस दोन दिवस थांबला होता. वाटेत नव्याने रुंद केलेल्या रस्त्यावर डोंगर उभाच्या उभा सोलून काढलेला होता, ताजा, तांबूस. मी वाकलेली झाडं बघत होतो. सई म्हणाली, "बाबा, आप पूरे आंटी बन गए हो."

वसतिगृहाची भिंत तशीच उभी होती. ओळंब्यात सरळ, पांढरी. भोकांखाली तांबडे ओघळ होते, पण भोकं उघडी होती.

"हम साफ़ रखते हैं," सई सहज म्हणाली. "बुनाई की सलाई से. नई लड़कियों को भी सिखा दिया है."

मुलींनी विणायच्या सुईने भोकं मोकळी ठेवली होती. मला कळू न देता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवणार होतो, तेवढ्यात मधल्या भोकाकडे लक्ष गेलं. बोटाएवढी धार चालू होती. मी थांबलो. गाडीत जाऊन ग्लास आणला. तो मी का बरोबर घेतला होता हे मला सांगता येणार नाही. धारेखाली धरला.

पाणी तांबडं होतं. मी ते फेकलं. बाई उभ्या राहिल्या होत्या तसा थांबलो, पुन्हा धरलं. तांबडं. सई सामान आत ठेवून आली. "क्या कर रहे हो?" मुली मेसमध्ये जेवायला गेल्या, जेवून परत आल्या. पुन्हा धरलं. तांबडंच. या वेळी ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि आम्ही दोघं बघत उभे राहिलो. वरचं पाणी हळूहळू निवळत गेलं आणि तळाशी गाळ बसला. जाड, मऊ, बोटभर. इतका गाळ मी त्या ग्लासात पूर्वी फक्त बाईंच्या टेबलावर बघितला होता, दगड सुटून गेल्यानंतर.

"पाणी नेहमी असंच तांबडं असतं?" मी विचारलं.

"ओपनिंग तो हम देखते हैं," ती म्हणाली. "चल रहा है, इतना ही देखते हैं." तिचा आवाज हळू झाला होता. ग्लासातून तिने नजर काढली नाही. शाळेत असताना तिने याच ग्लासात बोट घालून गाळ ढवळला होता. आता तिने हात लावला नाही.

ती आत गेली. मला वाटलं, वॉर्डनना सांगायला गेली. ती बाहेर आली ती आपली गादी ओढत. तिने खोलीतल्या मुलींना हाका मारल्या, मग शेजारच्या खोलीला, मग पलीकडच्या. वॉर्डन मॅडम जिन्यावरून विचारत होत्या, "क्या हुआ? बेटा, हुआ क्या है?" सईने त्यांच्याकडे बघितलं नाही.

"बाबा," ती चक्क मराठीत म्हणाली, "खालून धरा. पुढच्या इमारतीत नेऊ."

मी गादीचं एक टोक धरलं. गल्ली अरुंद होती. आम्ही तिरके होऊन चालत होतो, डावीकडे खिडक्या, उजवीकडे भिंत. ऊन चांगलं पडलं होतं. भिंतीचा पांढरा रंग डोळ्यांवर येत होता. गल्लीचं तोंड समोर दिसत होतं आणि त्यापलीकडे दरी, देवदार, ढग.

तेवढ्यात मागे कुठेतरी भांडं पडल्यासारखा आवाज झाला. फार मोठासुद्धा नाही.

मी थबकलो. सईने मान वळवली.

"कुणाचा तरी डबा पडला," ती म्हणाली.

बाईंच्या डब्याची ती गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. मी मागे बघितलं नाही.

"चल," मी म्हणालो. "भरभर चल. सगळ्यांना म्हणावं, गाद्या राहू देत."